सावर्डेचे शेट आणि अपक्ष आमदारकी

विधानसभेची निवडणूक जवळ येऊ लागली की गोव्यातल्या आमच्या सावर्डे-धारबांदोडा भागात एक विषय हमखास निघतो: यंदा अपक्ष कोण? पक्षांची तिकिटं कुणाला, ही चर्चा मागाहून. कारण इथल्या लोकांनी एकदा अपक्ष निवडून आणलेला आहे, आणि तो कुणी नाराज कार्यकर्ता नव्हता. जून 2007 मध्ये अनिल साळगावकर सावर्डेतून आमदार झाले. खनिज काढून परदेशी पाठवणारे, गोव्यातल्या मोठ्या खाणमालकांपैकी एक. पाठीशी पक्ष नाही, वर्षानुवर्षं भिंतींवर रंगवलेलं चिन्ह नाही. माणूस आणि त्याचं आडनाव, एवढ्यावर मतं पडली.

माझं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्यामुळे ही गोष्ट मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलेली आहे, आणि आता पुन्हा एखादा उद्योगपती अपक्ष म्हणून उभा राहण्याची कुजबूज कानावर येते तेव्हा मला काही बोलावंसं वाटतं.

2007 सालचं सावर्डे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना त्या मताचा अर्थ कळणार नाही. चीनला पोलाद हवं होतं. आमच्या डोंगरातला माल हलक्या प्रतीचा, जो पूर्वी बाजूला टाकून दिला जायचा, तोही बोटीत चढू लागला होता. खाणीवरून जेटी, जेटीवर बार्ज म्हणजे माल वाहणारी सपाट बोट, बार्जमधून मुरगाव बंदर. या साखळीत आमच्या वाट्याला आला तो पहिला टप्पा, म्हणजे खाण ते जेटी. सावर्डे-गुड्डेमळ रस्त्यावर ट्रकांची रांग सकाळी सुरू व्हायची. फेरीवर पैसे, म्हणून प्रत्येकाला घाई. रस्ता असा की गाडीच्या स्प्रिंगचे पाटे तुटायचेच. दिवस उजाडायच्या आत दुकानाच्या शटरवर थाप पडायची: "पाटो मोडलो रे, मुखेल पान आसा?" मी शटर अर्ध्यावर उचलायचो, ड्रायव्हर वाकून आत यायचा, अंगावर लाल धूळ, भुवयांवरही धूळ. ब्रेक लायनर, क्लच प्लेट, बेअरिंग, सेंटर बोल्ट. खोक्यांवर हात फिरवला की बोटं लाल व्हायची. संध्याकाळी गल्ल्यातल्या नोटासुद्धा त्याच रंगाच्या.

त्या ट्रकांतले निम्म्याहून अधिक कर्जावरचे. शेती विकून, बायकोचे दागिने गहाण ठेवून, सोसायटीचं, बँकेचं, फायनान्सवाल्यांचं कर्ज काढून गाडी घेतलेली. महिन्याचा हप्ता चुकला की फायनान्सची माणसं दारात. अशा घरातल्या मतदाराने मत कशाच्या आधारावर द्यायचं? एक वयस्क गाडीवाले माझ्या काउंटरवर कोपर टेकवून म्हणाले होते, "शेट आमदार जालो जाल्यार खण बंद पडची ना." त्यांच्या या वाक्याचा मला नेहमी आदर वाटत आला आहे. त्यात लाचारी नव्हती, हिशेब होता. ज्याची खाण त्याचीच आमदारकी, म्हणजे आपला हप्ता आणि त्याचा धंदा एकाच दोरीने बांधलेले. पक्षाचा आमदार पणजीत जाऊन पक्षाचं ऐकेल, शेटना स्वतःच्याच मालाची काळजी असणार.

उद्योगपतीला गोव्यात अपक्ष उभं राहणं जमतं त्याची कारणं या हिशेबातच आहेत. आमचे मतदारसंघ लहान. चाळीस मतदारसंघ, आणि एकेका मतदारसंघात सरासरी तीस हजारांच्या आतच मतदार. ज्याच्याकडे कामगार आहेत, कंत्राटदार आहेत, ट्रकवाले आहेत, त्याला घराघरांत पोचायला पक्षाची शाखा लागत नाही. शिवाय गोव्यात पंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत. पंच निवडताना आम्ही माणूसच पाहतो, त्याची सवय हाताला आहे. कायद्याने अपक्षाची वाट मात्र अवघडच ठेवली आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. चिन्ह मिळतं तेही अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर, म्हणजे मतदानाला जेमतेम दोन आठवडे उरलेले असताना. त्या दोन आठवड्यांत एक नवं चित्र कुळे-मोलेच्या टोकापर्यंतच्या घरांत, म्हाताऱ्या आजीच्या डोळ्यांसमोर बसवायचं, याला यंत्रणा लागते. ती पैसेवाल्याकडे असते, शाळामास्तराकडे नसते. म्हणून आमच्याकडे निवडून येणारा अपक्ष बहुतेक वेळा एक तर धंदेवाला असतो, नाही तर मोठ्या राजकीय घरातला.

2007 च्या सभागृहात अपक्ष दोनच होते. सावर्डेचे साळगावकर आणि वाळपईचे विश्वजीत राणे. काँग्रेसला सोळा, भाजपला चौदा, राष्ट्रवादीला तीन, आणि बाकीचे दोन-दोन, एक-एक. बहुमताला एकवीस. दिगंबर कामत मुख्यमंत्री झाले आणि जुलै संपायच्या आतच ते सरकार डळमळलं, मग सावरलं. अशा सभागृहात एकट्या माणसाची किंमत केवढी होते ते सांगायला नको. त्यात 2003 च्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या बांधली गेली आहे. सभागृहाच्या पंधरा टक्के, पण लहान राज्यांत बारांपेक्षा कमी नको. चाळीसचे पंधरा टक्के सहा होतात, म्हणून आम्हाला मुख्यमंत्र्यांसह बारा मंत्री. एकवीस जणांच्या काठावरच्या सरकारात बारा मंत्री, आणि उरलेल्यांसाठी महामंडळं. अपक्षाने एक बोट वर केलं तरी लोक खुर्ची पुढे सरकवतात.

म्हणून मला वाटतं, अपक्षाची खरी परीक्षा निकालाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. तो हे वजन कशासाठी खर्च करतो, ते पाहायचं.

आता एक तारीख सांगतो. ती आमच्या पट्ट्यातल्या प्रत्येक गाडीवाल्याला पाठ असायला हवी होती: 22 नोव्हेंबर 2007. पोर्तुगीज काळात दिलेले खाणींचे हक्क (कन्सेशन) 1987 च्या कायद्याने लीजमध्ये, म्हणजे मुदतीच्या भाडेपट्ट्यात, बदलले. त्या लीजचं वीस वर्षांचं नूतनीकरण धरलं तर मुदत 22 नोव्हेंबर 2007 ला संपत होती. सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट शब्दांत सांगितलं ते एप्रिल 2014 च्या निकालात. त्या दिवसानंतर गोव्यात या लीजवर जे खनिज काढलं गेलं त्याला कायद्याचा आधार नव्हता, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे आम्ही जूनमध्ये खाणमालकाला मत दिलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आमच्या पोटापाण्याच्या पायाखालची कागदोपत्री जमीन सरकली. मोर्चा नाही, सभा नाही. ट्रक धावत होते, माझ्या दुकानात पाटे खपत होते. पुढची पाच वर्षं तर तेजीची. 2010-11 मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज गेलं.

मी एका माणसाला यात धरत नाही. लीजचा प्रश्न सगळ्या गोव्याचा होता, सगळ्या सरकारांचा होता, आणि चाळीसही आमदार त्या सभागृहात बसलेले होते. पण एक गोष्ट मनातून जात नाही. मुदतीचं, परवानगीचं, लीजच्या कागदाचं ज्ञान ज्याला कुठल्याही वकिलाइतकं असतं असा खाणउद्योगातला जाणकार आमच्या मतदारसंघाने निवडून दिला होता. धंद्यातली हीच जाण विधानसभेत मतदारांच्या कामी यावी, यासाठीच तर लोक उद्योगपतीला मत देतात. गावागावात बैठका होऊन "तुमच्या गाडीचा हप्ता सात वर्षांचा आहे, पण लीजचं भवितव्य असं आहे" एवढं जरी गाडीवाल्यांना कळलं असतं, तरी 2009-10 मध्ये दुसरी गाडी, तिसरी गाडी घेणारी घरं थांबली असती. ही माहिती आमच्यापर्यंत कुणीच आणली नाही. ना सरकारी पक्षाने, ना विरोधकांनी, ना कुठल्या कंपनीने.

सप्टेंबर 2012 मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल आला आणि 10 तारखेला राज्य सरकारने खाणी थांबवल्या. तोवर मार्चमधल्या निवडणुकीत सावर्डेतून भाजपचे गणेश गावकर आले होते. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही खाणकाम थांबवलं. मग काही काळ पुन्हा काम, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा. मग 2018 च्या फेब्रुवारीत 88 लीजचं नूतनीकरण रद्द, आणि 16 मार्च 2018 ला पुन्हा सगळं बंद. मधल्या काळात, जानेवारी 2016 मध्ये, अनिल साळगावकर गेले. त्यांच्या मालमत्तेचे खटले सिंगापूरच्या न्यायालयात चालल्याच्या बातम्या आम्ही वर्तमानपत्रांत वाचल्या. सावर्डेच्या गाडीवाल्याने सिंगापूरच्या कोर्टाची बातमी वाचायची, म्हणजे या धंद्याचा पसारा किती लांबवर होता ते बघा. डोंगर इथला, बोट चीनची, कागद सिंगापूरचे.

तो बंदचा काळ मी उभ्याने पाहिला आहे. घरांच्या आवारात ट्रक उभे. आधी टायर उतरवले जातात, कारण टायर विकले जातात. मग बॅटरी. मग पावसाळ्यात हौद्याला भोकं पडतात आणि शेवटी भंगारवाला गॅस कटर घेऊन येतो. माझ्या दुकानात त्या दिवसांत लोक सुटे भाग घ्यायला नव्हे, परत द्यायला यायचे. खोकं न फोडलेला क्लच सेट, "घे रे, अर्ध्या किमतीत घे". मी घेतले, जमेल तेवढे.

2012 नंतर सावर्डेत त्या अपक्ष आमदारकीचं मागे काय उरलं, याचा मी बराच विचार केला आहे. पक्ष हरला तरी त्याचं कार्यालय असतं, बूथवरची माणसं असतात, जुन्या आश्वासनांवरून कुणाला तरी धरता येतं. अपक्षाचं सगळं त्याच्या अंगाला चिकटलेलं. तो बाजूला झाला की दार ठोठवायला दारच राहत नाही. खाणमालकांची म्हणून जी मदत गावांना मिळायची, देवळाच्या सभामंडपाला, शाळेच्या कार्यक्रमाला, धुळीवर पाणी मारायच्या टँकरला, ती त्यांच्या खिशातून यायची. खिशातून आलेली गोष्ट हक्काने मागता येत नाही. शेट देईल तेव्हा घ्यायची आणि थांबवली तर गप्प बसायचं.

आणि हे अपरिहार्य नाही, म्हणून मी भाऊसाहेब बांदोडकरांचं उदाहरण पुन्हा पुन्हा देतो. भाऊसुद्धा खाणमालकच. दानशूर म्हणून आधीच नाव झालेले, लोक त्यांच्या दारात रांगा लावायचे. ते डिसेंबर 1963 मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले तेव्हा पैसा वाटून लोकप्रिय राहणं त्यांना सहज शक्य होतं. पण 1964 सालीच कूळ कायदा आला. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, मर्जीवर कसणाऱ्याच्या हातात कायद्याचा कागद आला. खेड्यापाड्यांत शाळा निघाल्या. 1973 च्या ऑगस्टमध्ये भाऊ गेले, पण कायदा कुठे गेला? माझ्या आजोबांच्या नावावर जो शेताचा तुकडा आहे, तो कुणाच्या दयेवर नाही, त्या कायद्यावर आहे. भाऊंना पक्ष होता, मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) होता, हे खरं. तरी मूळ फरक मला इथे दिसतो: धंद्यातून आलेल्या माणसाने सही करायची जागा बदलली. चेकबुकावरून विधेयकावर आणली.

गेल्या काही वर्षांतलं दुसरं उदाहरण पर्वरीचं. रोहन खंवटे, उद्योजक, 2012 मध्ये अपक्ष म्हणून निवडून आले. त्या साली पाच अपक्ष होते. 2017 मध्ये पुन्हा अपक्ष, पुन्हा विजयी, आणि मनोहर पर्रीकरांच्या मंत्रिमंडळात महसूल आणि माहिती तंत्रज्ञान खातं. दोनदा पक्षाशिवाय जिंकणं हे गोव्यात लहान काम नाही. पण जुलै 2019 मध्ये काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये आले आणि सरकारला या आधाराची गरज उरली नाही. खंवटे मंत्रिमंडळाबाहेर. दोन-अडीच वर्षांनी, डिसेंबर 2021 मध्ये, ते भाजपमध्ये गेले, 2022 ला कमळावर निवडून आले, पर्यटनमंत्री झाले. मी पर्वरीचा मतदार नाही, तिथल्या लोकांनी त्यांना दोन्ही रूपांत स्वीकारलं आहे, तो त्यांचा अधिकार. मला यातून दिसतं ते एवढंच की अपक्षाचं वजन आकड्यांवर उभं असतं. आकडे बदलले की एका दुपारीत ते संपतं. मग ज्या मुदतीत वजन आहे त्या मुदतीत काय पदरात पाडून घेतलं, हाच प्रश्न उरतो. त्यामुळे घाई करायची ती इथे करायची.

पक्षांतरबंदीच्या कायद्यातलं एक कलम आमच्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. दहाव्या परिशिष्टानुसार, अपक्ष म्हणून निवडून आलेला आमदार त्या मुदतीत कुठल्याही पक्षात गेला तर त्याची आमदारकी जाते. पाठिंबा देता येतो, मंत्रीही होता येतं, पण पक्षात शिरता येत नाही. विश्वजीत राणे 2007 ला अपक्ष होते, पुढे काँग्रेसमध्ये जाताना त्यांना राजीनामा देऊन 2010 मध्ये वाळपईत पोटनिवडणूक लढवावी लागली. कायदा करणाऱ्यांना वाटलं असणार, लोकांनी पक्षाला नको म्हणून ज्याला निवडलं त्याने परस्पर पक्षाचं व्हायचं नाही. चांगलं आहे. पण पाठिंब्याचं दार उघडं आहे, आणि सगळा व्यवहार तिथूनच होतो. निकाल लागला की रात्रीतून पणजीत पत्र जातं, "बिनशर्त पाठिंबा". बिनशर्त का? अट घालण्यासाठीच तर आम्ही अपक्ष निवडला होता!

माझं म्हणणं साधं आहे. अपक्षाने पाठिंब्याचं पत्र देण्याआधी मतदारसंघात परत यावं. सावर्डे, किर्लपाल-दाभाळ, धारबांदोडा, मोले, कुळे, साकोर्डे, इथे बैठका घ्याव्यात आणि विचारावं: मी अमुक बाजूला जातो आहे, बदल्यात हे हे मागतो आहे, चालेल? पक्षाच्या आमदाराला हे जमणार नाही, त्याच्यावर व्हिप असतो. अपक्षाला कुणाचा व्हिप नाही. त्याची ही मोकळीक मतदारांची आहे, ती त्याने एकट्याने वापरायची नाही.

आणि मागायला काय कमी आहे? संजीवनी साखर कारखाना बंद पडून किती काळ झाला, ऊस लावणारे शेतकरी अजून उत्तराची वाट पाहतात. कुळे-मोलेत दूधसागरच्या जीपवर घरं चालतात, तिथला हंगाम आणि परवाने दरवर्षी टांगणीला. खाणपट्ट्यासाठी 2015 च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज निधी आला आहे, तो ज्या गावांनी धूळ खाल्ली त्यांच्यासाठीच आहे. त्यातलं काय दक्षिण गोव्यात कुठल्या गावात खर्च झालं, हा प्रश्न विधानसभेत लेखी विचारता येतो आणि लेखी उत्तर मिळतं. विधानसभेच्या संकेतस्थळावर अशी उत्तरं टाकली जातात. मी ती वाचतो. कुठला आमदार काय विचारतो ते वाचायची सवय गावातल्या मुलांना लागावी म्हणून दुकानात अधूनमधून छापून लावतोही. डिचोलीचा ब्लॉक लिलावानंतर 2024 मध्ये सुरू झाला, उद्या आमच्या बाजूचेही सुरू होतील. तेव्हा लीज किती वर्षांची, ट्रकांची मर्यादा किती, रस्ता कुठला, हे गाडी घेण्याआधी कळलं पाहिजे. नंतर नव्हे.

2022 ला आमच्याच मतदारसंघात दीपक पाऊसकर, जे मगोवर निवडून येऊन भाजपमध्ये मंत्री झाले होते, तिकीट न मिळाल्याने अपक्ष उभे राहिले आणि हरले. म्हणजे नुसतं अपक्ष असणं सावर्डेच्या मतदाराला पुरत नाही. तो पारखून घेतो. त्या वयस्क गाडीवाल्याचा हिशेब चुकीचा नव्हता, अपुरा होता. त्यात शेटच्या धंद्याची खात्री होती, पण शेटवर कसली अट नव्हती.

यंदा कुणी उद्योगपती अपक्ष म्हणून माझ्या दुकानासमोर हात जोडत आला, तर त्याला बसायला खुर्ची देईन, चहा मागवीन, आणि एक कागद पुढे ठेवीन. त्यावर मी आताच लिहून ठेवलं आहे: पाठिंब्याआधी ग्रामस्थांच्या बैठका कुठे कुठे घेणार, तारखांसकट. खनिज निधीचा प्रश्न पहिल्याच अधिवेशनात विचारणार का. स्वतःच्या कंपनीचा संबंध येईल त्या विषयावर बोलण्याआधी सभागृहात तसं सांगणार का. खाली सहीसाठी जागा सोडली आहे. आमच्या भागातल्या आणखी काही दुकानदारांनी आणि दोन महिला मंडळांनी या कागदाच्या प्रती मागितल्या आहेत. कुणाला हव्या असतील तर दुकानात या, झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत.